बाळ किती दूध पितं? मोजा, पण मिलिलिटर नव्हे

"डॉक्टर, बाळ अंगावर पितं, पण किती पितं तेच कळत नाही हो!"

हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा माझ्या दवाखान्यात क्वचितच जातो. कधी हा प्रश्न बाळाची आई विचारते, कधी आजी, आणि हल्ली बरेचदा बाळाचे बाबा, हातात मोबाईल घेऊन. मोबाईलमध्ये ॲप असतं. उजव्या बाजूला १२ मिनिटं, डाव्या बाजूला ९ मिनिटं, रात्री २ वाजता परत १५ मिनिटं, अशी सगळी नोंद असते. फक्त एक रकाना रिकामा राहतो, तो म्हणजे मिलिलिटरचा. बाटलीवर आकडे छापलेले असतात, आईच्या स्तनावर नसतात. एवढ्या एका कारणावरून किती घरांत दुधाचा डबा शिरतो, हे आम्हा डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे.

मी बालरोगतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. पण घरातल्या आजीचा रक्तदाब आणि आजोबांची शुगर बघणाऱ्या डॉक्टरकडे नातवाचा प्रश्नही हमखास येतोच. म्हणून या विषयावर माझं मत स्पष्ट लिहितो. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाचं प्रत्येक वेळचं दूध मोजायच्या भानगडीत पडू नका. पण काहीच न मोजता "सगळं ठीक आहे" म्हणून गप्पही बसू नका. मोजायचं आहे, फक्त वेगळं काही. काय आणि का, ते आता बघू.

दूध खरोखर मोजता येतं का?

येतं. त्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत सोपी आहे. दूध पाजण्याआधी बाळाचं वजन करायचं, पाजून झाल्यावर पुन्हा करायचं. कपडे तेच, दुपटं तेच. मध्ये बाळाने शू केली तरी डायपर किंवा लंगोट बदलायचा नाही. दोन वजनांतला फरक म्हणजे बाळाच्या पोटात गेलेलं दूध. १०० मिलिलिटर आईच्या दुधाचं वजन साधारण १०३ ग्रॅम भरतं, म्हणून व्यवहारात एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर धरलं तरी चालतं. दूध पिताना बाळाच्या श्वासातून आणि त्वचेतून थोडं पाणी उडून जातं, त्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमीच येतो. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात ही पद्धत आजही वापरतात.

दुसरी पद्धत संशोधनातली आहे आणि मोठी गमतीची आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजच्या संशोधकांनी ती मांडली. आईला ३० ग्रॅम 'जड पाणी' प्यायला देतात. या पाण्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम नावाचा थोडा जड हायड्रोजन असतो. तो किरणोत्सर्गी नसतो, त्यामुळे आईला आणि बाळाला धोका नाही. हे पाणी आईच्या शरीरातल्या पाण्यात मिसळतं, तिथून दुधात येतं आणि दुधातून बाळाच्या शरीरात जातं. पुढचे १४ दिवस ठरावीक दिवशी आई आणि बाळ दोघांच्या लाळेचे नमुने घेतात. आईच्या लाळेतलं ड्युटेरियम किती वेगाने उतरलं आणि बाळाच्या लाळेतलं किती चढलं, यावरून बाळाने रोज सरासरी किती दूध प्यायलं याचं गणित मांडता येतं. एवढंच नाही, दुधाशिवाय बाळाला बाहेरचं पाणी किती मिळालं हेही कळतं! "आम्ही फक्त अंगावरचंच देतो" असं सांगणाऱ्या सगळ्याच घरांत तसं नसतं, हे या पद्धतीने अनेक ठिकाणी दाखवून दिलं आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था या तंत्राच्या प्रसाराला मदत करते, आणि आपल्याकडे बंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेत अशा पद्धतीने अभ्यास झाले आहेत.

म्हणजे विज्ञानाला मोजता येतं. प्रश्न असा आहे की तुम्हाला घरी ते मोजून काय मिळणार?

घरच्या काट्याचं गणित

ऑनलाईन मागवलेला बाळाचा वजनकाटा बरेचदा १० ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतो. म्हणजे प्रत्येक वजनात ५ ग्रॅम इकडे किंवा तिकडे. आपण वजन करतो दोनदा, म्हणजे चूक होते दोनदा. बाळाने खरोखर ६० मिलिलिटर प्यायलं असेल तर काटा ५०ही दाखवेल, ७०ही दाखवेल. त्यात बाळ हातपाय झाडत असेल तर बघायलाच नको. मोठ्या माणसांच्या काट्यावर आधी एकटं उभं राहायचं, मग बाळाला घेऊन उभं राहायचं, ही युक्ती तर दुधासाठी पूर्णपणे निकामी. तो काटा ५० किंवा १०० ग्रॅमच्या उडीने वाचतो, आणि बाळाचं एक वेळचं दूधच मुळात तेवढं असतं.

समजा काटा अगदी अचूक मिळाला. तरीही एका वेळचा आकडा काही सांगत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथल्या संशोधकांनी एक ते सहा महिन्यांच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या ७१ बाळांचं चोवीस तासांतलं प्रत्येक वेळचं दूध वजन करून मोजलं. २००६ साली ते प्रसिद्ध झालं. ही सगळी बाळं निरोगी होती, नीट वाढत होती. आकडे बघा:

– दिवसभरातलं एकूण दूध सरासरी ७८८ ग्रॅम. पण एक बाळ ४७८ ग्रॅमवर खूश होतं, तर दुसरं १३५६ ग्रॅम पीत होतं.
– दिवसभरात पिण्याच्या वेळा ६ पासून १८ पर्यंत.
– एका वेळचं दूध सरासरी ७६ ग्रॅम. पण ते शून्यापासून २४० ग्रॅमपर्यंत काहीही.
– जास्त वेळा पिणारं बाळ एकूण जास्त पितं असं नाही.
– बाळं स्तनातलं सगळं दूध संपवतच नाहीत. सरासरी दोन-तृतीयांश पितात, बाकीचं ठेवतात.

आणखी एक गोष्ट. दूध म्हणजे नुसते मिलिलिटर नव्हेत. याच अभ्यासात एका आईच्या दुधातली स्निग्धता आणि दुसरीच्या दुधातली स्निग्धता यांत दुपटीहून जास्त फरक होता. एकाच आईच्या दुधातही सुरुवातीचं दूध पातळ आणि शेवटचं दाट असतं. तेव्हा कुणाचं ५० मिलिलिटर कुणाच्या ८० मिलिलिटरच्या बरोबरीचं असेल, हे काटा सांगू शकत नाही. बाळाला मात्र ते कळतं. भूक भागली की ते स्वतःहून तोंड सोडतं.

डब्यावरचा तक्ता तुमच्या बाळासाठी नाही

पावडरच्या डब्यावर एक तक्ता असतो. पहिल्या महिन्यात इतके, दुसऱ्या महिन्यात त्याहून जास्त, तिसऱ्या महिन्यात आणखी. हा तक्ता बघून आईला वाटतं की आपलंही दूध दर महिन्याला वाढलं पाहिजे.

अंगावरच्या दुधाचं तसं नसतं. पहिल्या दिवशी चीक येतो, तो एका वेळी जेमतेम अर्धा ते दोन चमचे. नवजात बाळाला तेवढाच हवा असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं आणि झपाट्याने वाढतं. महिनाभरात ते दिवसाला साधारण ७००-८०० मिलिलिटरवर पोचतं. आणि मग? पुढे सहा महिन्यांपर्यंत जवळजवळ तेवढंच राहतं. बाळाचं वजन वाढतं, पण वाढीचा वेग कमी होत जातो, त्यामुळे दर किलोमागे लागणारं दूधही कमी होतं. तीन महिन्यांचं बाळ दीड महिन्याचं असताना पीत होतं तेवढंच पीत असेल, तर त्यात काळजीचं काहीच नाही.

दूध कमी असल्याची फसवी लक्षणं

"मला दूधच पुरत नाही" हे अंगावरचं पाजणं लवकर थांबवण्याचं जगभर सांगितलं जाणारं एक प्रमुख कारण आहे. यातल्या बऱ्याच आयांना दूध भरपूर असतं. त्यांची फसगत होते ती या लक्षणांमुळे:

१. स्तन मऊ लागतात. सुरुवातीचे काही आठवडे स्तन टणक, भरलेले लागतात. दीडेक महिन्यानंतर शरीराला बाळाच्या गरजेचा अंदाज येतो आणि स्तन मऊ राहतात. दूध आटलेलं नसतं, मागणी आणि पुरवठा जुळलेले असतात.

२. पंपाने काढलं तर २० मिलिलिटरच निघालं. पंप म्हणजे बाळ नव्हे. नीट पकडून ओढणारं बाळ पंपापेक्षा जास्त दूध काढू शकतं. शिवाय ताण, घाई आणि दुखणं यांनी पान्हा अडतो. पंपातलं दूध हे मोजमाप नाही.

३. संध्याकाळी बाळ सारखं मागतं. सहा ते दहा या वेळात अनेक बाळं तासातासाला पितात आणि किरकिरतात. हा त्यांचा स्वभाव आहे, उपासमार नाही.

४. बाळ फार लवकर सोडतं. सराईत झालेलं दोन-तीन महिन्यांचं बाळ पाच-सात मिनिटांत पोट भरतं. मिनिटं मोजून दूध मोजता येत नाही.

५. वरचं दूध दिलं तर गटागट प्यालं, म्हणजे उपाशीच होतं! बाटलीतून दूध आपोआप ओघळतं, बाळाला गिळावंच लागतं. चोखण्याची ओढ तर बाळाला पोट भरलेलं असतानाही असते. बाटली रिकामी झाली म्हणून भूक सिद्ध होत नाही.

६. बाळ रडतं. गॅस, उकाडा, थंडी, ओला लंगोट, झोप, कुशीची ओढ, कशानेही बाळ रडतं. रडण्याला आपल्याकडे एकच अर्थ लावला जातो, 'भूक'. आणि भुकेला एकच गुन्हेगार सापडतो, 'आई'.

वरचा पहिला डबा

मागे माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. बाळ पाच आठवड्यांचं. आईने वहीत प्रत्येक वेळचं आधीचं आणि नंतरचं वजन लिहून ठेवलं होतं. ३५, ८०, ५०, २०, ९५ असे आकडे होते. २० च्या पुढे लाल पेनाने प्रश्नचिन्ह होतं, आणि त्या रात्रीपासून 'खात्रीसाठी' डबा सुरू झाला होता. दोन्ही वेळच्या वजनासाठी रात्री बाळाला उचलताना ते जागं व्हायचं, रडायचं, मग पुन्हा डबा. मी जन्माचं वजन विचारलं. जन्मापासून बाळ ९०० ग्रॅमने वाढलं होतं, आणि त्यातली बहुतेक वाढ डबा सुरू व्हायच्या आधीची होती! वहीची चाळीस पानं भरली होती, पण हा एक आकडा कुणी बघितला नव्हता.

आता हा डबा काय करतो ते समजून घ्या. दूध तयार होण्याचा नियम अगदी साधा आहे. जितकं काढलं जाईल तितकं बनेल. स्तनात दूध साचून राहिलं की ग्रंथींना 'आता थांबा' असा निरोप मिळतो. बाळाला ६० मिलिलिटर वरचं दिलं की ते तेवढं अंगावरचं कमी पितं. तेवढं दूध स्तनात राहतं. दुसऱ्या दिवशी शरीर तेवढं कमी बनवतं. मग बाळाला खरंच कमी पडतं, आणि आणखी एक डबा येतो. 'दूध पुरत नाही' ही भीती तीन आठवड्यांत खरी होऊन बसते. दूध कमी होतं म्हणून डबा आला नाही, डबा आला म्हणून दूध कमी झालं!

खर्चाचंही बघा. पूर्णपणे पावडरवर असलेल्या बाळाला दिवसाला साधारण १०० ते ११० ग्रॅम पावडर लागते. म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो, महिन्याला सात-आठ डबे. ज्यांना हे परवडत नाही ते पाणी वाढवतात. मग बाटली पूर्ण भरलेली दिसते आणि बाळ उपाशी राहतं. मिलिलिटरवर भिस्त ठेवण्याचा सगळ्यात क्रूर विनोद हाच आहे.

आपल्या देशात १९९२ सालचा एक कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करणं, आयांना फुकट नमुने वाटणं, त्यासाठी डॉक्टर आणि दवाखान्यांना भेटी देणं, हे सगळं त्यात बंद आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) सहा महिन्यांखालच्या फक्त ६३.७ टक्के बाळांना निव्वळ अंगावरचं दूध मिळत असल्याचं दिसलं. म्हणजे दर तीन बाळांमागे एकाला पाणी, मध, गुटी, गाईचं दूध किंवा डबा काही ना काही वरचं मिळतंच. जाहिरात बंद करता येते, घरातली शंका कायद्याने बंद होत नाही.

पण 'शांत बाळ' म्हणून निश्चिंत होऊ नका

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख धोकादायक ठरेल.

काही बाळांना खरोखर दूध कमी मिळतं. आणि पहिल्या आठवड्यात असं झालं तर बाळ जास्त रडत नाही, ते गप्प होतं. सहा दिवसांचं असंच एक बाळ मे महिन्यातल्या भर उन्हात माझ्याकडे आणलं होतं. आजी कौतुकाने सांगत होत्या, "फार शहाणं आहे हो, रडतच नाही, नुसतं झोपतं." दिवसभरात दोनदा शू झाली होती, अंग तापलं होतं, टाळू खोल गेली होती. वजन जन्मापेक्षा १४ टक्क्यांनी उतरलं होतं. बाळाला ताबडतोब नवजात विभागात पाठवलं. तिथे रक्तातलं सोडियम खूप वाढलेलं निघालं. बाळ वाचलं, आणि पुढे आईचंच दूध पिऊन वाढलं. स्तन पकडण्याची पद्धत चुकत होती, ती परिचारिकेने सुधारली. आईच्या दुधात कमी काहीच नव्हतं, ते बाळापर्यंत पोचत नव्हतं.

म्हणून "निसर्ग बघून घेईल, काही मोजू नका" हा सल्लाही मला मान्य नाही. वही घेऊन बसलेली आई आणि शांत बाळाचं कौतुक करणारी आजी, दोघींची नजर चुकीच्या ठिकाणी होती. नजर कुठे हवी?

मोजायच्या तीन गोष्टी: शू, शी आणि वजन

शू: पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, अशी वाढत जाते. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा भरपूर, फिकट रंगाची शू झाली पाहिजे. हे फक्त अंगावरचं पिणाऱ्या बाळासाठी. वर पाणी देत असाल तर हा हिशोब चुकतो. आणि पाणी द्यायची गरजही नाही, आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, विदर्भातल्या उन्हाळ्यातही ते पुरतं. डायपर लावत असाल तर शू किती वेळा झाली ते कळत नाही, म्हणून पहिले दोन आठवडे निदान दिवसा तरी सुती लंगोट वापरा.

शी: सुरुवातीची काळी-हिरवी, चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी झाली पाहिजे. पहिल्या महिन्यात दिवसाला तीन-चार वेळा किंवा जास्त पातळसर पिवळी शी होणं उत्तम. दीड महिन्यानंतर अंगावर पिणारं बाळ चार-पाच दिवस शी करत नसेल आणि बाकी खेळकर असेल, तर घाबरू नका.

वजन: हा सगळ्यात भरवशाचा पुरावा. पहिल्या काही दिवसांत वजन ७ टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचं आहे. १० टक्क्यांच्या जवळ जात असेल तर लगेच तपासणी हवी. म्हणजे ३ किलोचं बाळ २ किलो ७०० ग्रॅमवर यायला नको. साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत आलं पाहिजे. त्यानंतर पहिले तीन महिने रोज सरासरी २५ ते ३० ग्रॅम, पुढचे तीन महिने १५ ते २० ग्रॅम वाढ अपेक्षित आहे. पाच-सहा महिन्यांत जन्माचं वजन दुप्पट होतं. पहिल्या महिन्यांत महिन्याला ५०० ग्रॅमपेक्षा कमी वाढ होत असेल तर दूध कमी पडतंय का, हे शोधावंच लागतं.

वजन करायचं ते आठवड्यातून एकदा, तेही पहिल्या दीड-दोन महिन्यांत. नंतर महिन्यातून एकदा पुरे. काटा तोच, वेळ साधारण तीच, बाळ उघडं. रोज वजन करू नका. रोजची वाढ २५-३० ग्रॅम असते आणि एक मोठी शी त्याहून जास्त वजनाची असू शकते! आठवड्याच्या वजनात असा गोंधळ बुडून जातो, रोजच्या वजनात तोच तेवढा दिसतो.

यासाठी काटा विकत घ्यायचीही गरज नाही. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात आणि वजन करतात. या गृहभेटींचं मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्याने बालमृत्यू किती कमी होतात हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढे देशाने ती पद्धत उचलली. गावातली बाई, हातात साधा काटा आणि ठरलेल्या दिवशी भेट. यात कुठेही मिलिलिटर नाही.

वजनाची नोंद माता-बाल कार्डावरच्या आलेखात करा. हा आलेख जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिला, आणि तो सहा देशांतल्या अंगावर पिणाऱ्या बाळांवर बेतलेला आहे. त्यात आपल्या दिल्लीची बाळंही होती. त्याआधीचे आलेख मुख्यतः बाटलीवरच्या बाळांचे होते, त्यामुळे तीन-चार महिन्यांनंतर अंगावरची धट्टीकट्टी बाळंही त्यात मागे पडलेली दिसत. शेजारच्या गुटगुटीत बाळाशी तुलना करू नका. आपल्या बाळाची रेघ आपल्या मार्गाने वर जाते आहे ना, एवढंच बघा.

कधी थांबायचं नाही

खालीलपैकी काहीही दिसलं तर फोनवर सल्ला न विचारता बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या:

– पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा शू, किंवा गडद पिवळी शू, किंवा लंगोटावर विटकरी डाग
– पाचव्या दिवशीही काळी शी
– बाळ प्यायला उठत नाही, ओढत नाही, रडणं क्षीण आहे
– ताप, किंवा अंग गार पडणं
– तोंड कोरडं, टाळू खोल
– तळहात-तळपायांपर्यंत कावीळ
– दोन आठवडे होऊनही जन्माचं वजन परत न येणं

आणि 'दूध कमी आहे' असं ठरलंच, तर पहिला उपाय डबा नाही. आधी कुणी जाणकाराने बाळ पिताना बघायला हवं. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूने जास्त तोंडात, गिळल्याचा आवाज आणि आईला दुखत नाही, अशी पकड हवी. मग दिवसातून आठ ते बारा वेळा पाजणं, रात्रीचं पाजणं न चुकवणं, आणि आईला झोप व जेवण. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू खुशाल खा, पण बाळाने ओढल्याशिवाय नुसत्या लाडवांनी दूध वाढत नाही. क्वचित थायरॉईडचा आजार, स्तनावर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव अशी कारणं असतात. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध द्यावं लागतं. अशा आईने अपराधी वाटून घेण्याचं काही कारण नाही. ते औषधासारखं आहे, गरज असेल तेव्हा, हवं तेवढं.

मिलिलिटर कुणासाठी?

कमी दिवसांची, कमी वजनाची, टाळू दुभंगलेली, हृदयाचा दोष असलेली बाळं लवकर थकतात. त्यांचं दूध मोजावंच लागतं, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. तिथे थेंबाथेंबाला किंमत आहे.

कामावर परतणाऱ्या आईलाही अंदाज लागतो. दिवसाचे साधारण ७५० मिलिलिटर धरा आणि बाळ जितक्या वेळा पितं त्याने भागा. दहा वेळा पीत असेल तर एका वेळेला ७५. तुम्ही बाहेर असताना तीन वेळा पिणार असेल तर सव्वादोनशे मिलिलिटर काढून ठेवा. हे दूध फ्रिजबाहेर चार तासांपर्यंत, फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चालतं. भर उन्हाळ्यात फ्रिजमध्येच ठेवा. आणि ते वाटी-चमच्याने पाजा. बाळाने मान फिरवली की उरलेलं जबरदस्तीने संपवू नका.

शेवटी घरातल्यांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना

१८९२ साली पॅरिसमध्ये डॉ. पिएर ब्यूदँ यांनी बाळांचं नियमित वजन करून आयांना सल्ला देणारा दवाखाना सुरू केला, तेव्हा काटा आईच्या मदतीला आला होता. आज तोच काटा घराघरांत आईची परीक्षा घेतो आहे. दोष काट्याचा नाही, त्याला आपण विचारत असलेल्या प्रश्नाचा आहे. "आत्ता किती प्यायलं?" याचं उत्तर कळून काही उपयोग नाही. "या आठवड्यात किती वाढलं?" याचं उत्तर कळलं नाही तर धोका आहे.

म्हणून आजी-आजोबांना आणि बाबांना विनंती, बाळ रडलं की "तुला दूध पुरत नसेल" हे वाक्य पहिलं उच्चारू नका. आज शू किती वेळा झाली ते मोजा. ते काम बाबांनी घ्यावं, लंगोट बदलता बदलता होतं. माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणं आहे की डब्याचं नाव लिहिण्याआधी वजनाचं कार्ड मागा आणि बाळाला पिताना पाच मिनिटं बघा. चिठ्ठी लिहायला अर्धं मिनिट लागतं हे खरं, पण ती अर्ध्या मिनिटाची चिठ्ठी त्या घरात वर्षभर राहते.

आणि आईला एवढंच: आठवड्याचं वजन वाढतंय, दिवसाला सहा वेळा शू होतेय, बाळ जागं असताना टकटक बघतंय, तर तुमचं दूध पुरतंय. किती, ते विचारू नका. पुरतंय.